दरवाज्यात पडणारा मावळा

माझ्या नवऱ्याला तलवार हातात घ्यावीशी वाटली तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. तोवर त्याला छंद असा कसलाच नव्हता. विमा कंपनीतली नोकरी, रविवारी सकाळी दादरच्या बाजारातून मासळी आणि दुपारी झोप. लग्नाआधी आम्ही एकाच ऑफिसात होतो, त्यामुळे मी त्याला अरेतुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली आणि प्रभादेवीच्या घरात आम्ही दोघंच उरलो.

त्या वर्षी शिवजयंतीला लालबागच्या मिरवणुकीत त्याने एक लढाई पाहिली. अंगरखे, मुंडाशी, ढाल-तलवारी, आणि भर रस्त्यात दोन बाजू एकमेकींवर तुटून पडलेल्या. नंतर त्याने त्या लोकांशी ओळख काढली. कोणी बँकेत, कोणी कुरियरच्या धंद्यात, एक दातांची डॉक्टर. दर रविवारी परळच्या एका शाळेच्या मैदानात सराव करायचे आणि वर्षातून दोन-तीनदा जुन्या काळातली एखादी लढाई लोकांसमोर उभी करायचे. घरी येऊन त्याने मला एवढंच सांगितलं की येत्या रविवारी मासळी तू आण, मी परळला जाणार आहे. मला वाटलं, दोन रविवार जाईल आणि पाठ धरून घरी बसेल.

तसं झालं नाही. त्याला काहीच जमत नव्हतं, पण तो जात राहिला. सगळ्यांना शिकवणारे वस्ताद साठी उलटलेले, लालबागमध्येच वाढलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत. नवऱ्याचा पाय चुकला की स्वतः त्याच्या शेजारी उभे राहून तोच पाय पुन्हा टाकून दाखवायचे. एकदा मी नुसती बघायला म्हणून गेले तर बायका कमी पडतात म्हणून त्यांनी माझ्या हातात लाठी दिली. माझा हात लगेच बसला. कसा बसला ते मला माहीत नाही. लहानपणी मी फणसवाडीत मामाकडे मुलांबरोबर विटीदांडू खेळायचे, त्यापलीकडे काही नाही. पण पावसाळा संपेपर्यंत वस्ताद नव्या बायकांना माझ्याकडे बघायला सांगू लागले होते. नवऱ्याला त्याचं कौतुकच होतं. येताना टॅक्सीत तो ड्रायव्हरलाही सांगायचा.

दुसऱ्या वर्षी त्याच्या हातून तलवार सुटू लागली. आमच्या तलवारी बोथट, पण लोखंडीच. पायावर पडली तर हाड मोडेल. घामाने मूठ सटकते, असं तो म्हणायचा. मुठीवर कापड गुंडाळून पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की चालताना त्याचा उजवा हात हलतच नाही, नुसता लोंबतो. जेवायला बसला की ताटाशेजारी ठेवलेला अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, जणू तंबाखू मळतोय. मी एकदा बोलले तर हात मांडीखाली दाबून बसला.

डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, लिहायला लावलं, बोटं मिटून उघडायला लावली, आणि पार्किन्सन असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. व्यायाम सोडू नका, उलट चांगलाच, असं म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती: हात कामात असला की कंप कमी होतो, स्वस्थ पडला की वाढतो. आम्ही दोघांनी ते ऐकलं. त्या वेळी ते मला दिलाशासारखंच वाटलं. काम करत राहिलं की झालं.

ग्रुपमध्ये कोणाला सांगायचं नाही, हे त्याने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ठरवलं. मी हो म्हणाले. वस्तादांच्या लक्षात आलंच असणार. ते फक्त त्याचं काम बदलत गेले. आधी तलवारीऐवजी भाला दिला. मग भाला घेऊन गडाच्या दरवाज्यात नुसतं उभं राहायचं काम दिलं. शेवटी असं ठरलं की हल्ला झाला की दरवाज्यातला हा मावळा सगळ्यात आधी पडायचा. त्याला मारणारा होता डिलाईल रोडच्या चाळीतला, तिशीतला एक मुलगा, मोबाइलच्या शोरूममध्ये नोकरीला. नवऱ्याला काका म्हणायचा, मला काकी. वार इतका सांभाळून करायचा की वस्तादांना सांगावं लागायचं, अरे, लोकांना वाटलं पाहिजे मारतोयस म्हणून.

नवऱ्याने ते मरणही मनावर घेतलं. घरी गादी अंथरून पडायचा सराव करायचा. गुडघ्यावर यायचं, एका कुशीवर कलायचं, मग उताणं व्हायचं. मी मध्येच हसायचे आणि तो चिडायचा. पडला की लगेच उठून विचारायचा, कसं वाटलं. लगेच उठायचा. तेवढं एक आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्यानंतरचा प्रयोग नायगावच्या एका मैदानावर होता. प्लायवूडचा गडाचा दरवाजा रंगवून उभा केला होता. ऊन उतरलं होतं, खुर्च्या भरल्या होत्या आणि पुढे सतरंजीवर पोरं बसली होती. मी दरवाज्याच्या आत, लाठी घेतलेल्या बायकांच्या रांगेत. हल्ला आला. नवऱ्याने भाला उचलला, एक वार अडवला, दुसरा पोटावर घेतला आणि पडला. इतका छान पडला की खुर्च्यांमधून आवाज आला. मला बरं वाटलं. आणि मग त्याचा स्वस्थ पडलेला उजवा हात हलायला लागला.

तळवा आभाळाकडे, बोटं थरथरतायत. मी बघत होते. आधी हळू, मग सगळ्या मनगटातून. सतरंजीवरचं एक पोर म्हणालं, हा मेला नाही, हात हलतोय. बाकीची पोरं उभी राहून बघू लागली. खुर्च्यांतलं कोणीतरी हसलं आणि ते हसू मागे पसरत गेलं. निवेदक माइकवर गडाच्या शर्थीच्या लढाईचं सांगत होता, त्याला काही दिसत नव्हतं. नवऱ्याने डोळे मिटलेले होते, पण ऐकू येतच असणार. त्याने हात अंगाखाली ओढायचा प्रयत्न केला, तो अर्धवट राहिला. मग तर फारच हसले लोक.

मी त्याच्यापासून फार तर दहा पावलांवर होते. पण माझ्यासमोर दोघं येत होते आणि माझ्या डाव्या हाताला दातांची डॉक्टर होती. मी रांग सोडली असती तर लाठी तिच्या डोक्यात बसली असती. मी लढले. चुकले नाही, एकही चाल चुकले नाही. टाळ्याही पडल्या. सगळं संपल्यावर मेलेले उठून नमस्कार करतात, त्यात तो सगळ्यांच्या मागून उठला.

कपडे बदलायला शाळेचा एक वर्ग दिला होता. तो बाकावर बसला होता, कोणाकडे बघत नव्हता. डिलाईल रोडचा मुलगा त्याच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "काका, सॉरी. मी ढाल टाकायला पाहिजे होती तुमच्या हातावर. मला वाटलं, सीन बिघडेल."

"बरोबर केलंस," नवरा म्हणाला. "सीन बिघडला असता."

टॅक्सीत दादर मागे पडल्यावर त्याने विचारलं, "तुला दिसत होतं?"

"हो."

"मला वाटलं, तू येशील."

रांग, लाठी, ती डॉक्टर, सगळं सांगू शकले असते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "येऊन तरी काय केलं असतंस म्हणा." ते त्याने समजून घेऊन म्हटलं, रागाने नाही. त्यामुळे मला जास्तच रडू आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

दोन दिवसांनी त्या हलणाऱ्या हाताचा कोणीतरी काढलेला व्हिडिओ नात्यातल्याच एका ग्रुपवर आला. कुठून फिरत आला कोण जाणे. पाठवणाऱ्या दिराला आपलाच भाऊ आहे हे कळलं नव्हतं. मुंडासं आणि खोट्या मिशा. खाली हसणारे चेहरे. मी फोन लपवायच्या आत त्याच्या फोनवरही आला होता. त्याने तो दोनदा पाहिला. पडलो मात्र झकास, असं म्हणाला आणि आंघोळीला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

पुढच्या आठवड्यात वस्ताद घरी आले. चहा घेतला, मैदानाचं भाडं वाढलंय ते सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मूळ विषयावर येता येईना. कप तीनदा उचलून खाली ठेवला. शेवटी नवराच म्हणाला, "वस्ताद, मी आता येत नाही. ही येईल."

मला त्याने विचारलं नव्हतं. वस्ताद माझ्याकडे बघत राहिले आणि मी मान हलवली, कारण नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

म्हणून मी अजून जाते. आता नव्या बायकांना मीच शिकवते. मध्ये एकदा मी सोडायचं ठरवलं, तेव्हा तो एवढा संतापला की त्याला शब्दच फुटेनात. आवाजही अलीकडे बारीक झालाय. मी घरी बसले तर तो अधिक आजारी होतो, असं काहीसं त्याला म्हणायचं होतं. परत आले की काय काय झालं ते तो सगळं ऐकून घेतो. ऐकताना त्याला आनंद होतो की त्रास, ते मला ओळखता येत नाही. पूर्वी त्याच्या चेहऱ्यावर कळायचं. आता चेहरा फारसा हलत नाही.

गेल्या मंगळवारी आम्ही औषधं आणायला खाली उतरलो होतो. घराजवळच्या देवळाची गर्दी नेहमीसारखी. सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि त्याचे पाय जागेवरच चिकटले. हे नवीन आहे. डॉक्टरांनी शिकवलं होतं, मोठ्याने आकडे मोजा, समोर एक रेघ आहे असं समजा आणि ती ओलांडा. मी मोजलं. त्याने रेघ समजून पाहिली. फुलांच्या पिशव्या घेतलेली माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. कोणीतरी म्हणालं, काका, बाजूला व्हा ना जरा. त्याला बाजूलाही होता येत नव्हतं.

मी त्याचा दंड धरला होता. ओढायचं नाही, तोल जातो, हेही सांगितलेलं आहे. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला.

"घाई आहे का तुला?" त्याने विचारलं.

नाही म्हणाले, आणि आम्ही तिथेच उभे राहिलो.