पहारेकरी गाठ आणि माझा अंगठा

चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं सुटे भाग तपासायचं काम केलं. भाग तपासला की त्यावर मार्करचा ठिपका मारायचा. ठिपका असेल तर ओके, नसेल तर पुन्हा तपास. ही सवय अंगात इतकी मुरली की घरी गॅस बंद केल्यावरही मी बटणाला अंगठा टेकवतो. बायको विचारते, "झाला का पास?"

पुढे कॅमेरे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आलो. आमचा कॅमेरा कर्करोगाच्या ऑपरेशनसाठी होता. कर्करोग पसरू लागला की बहुतेकदा सगळ्यात आधी जवळच्या एका लसिकागाठीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, पोचतो. सोसायटीत शिरणारा आधी गेटवरच्या वॉचमनला भेटतो, तसंच. म्हणून तिला पहारेकरी गाठ म्हणतात. ती नेमकी सापडली आणि स्वच्छ निघाली, तर बाकीच्या गाठी काढाव्या लागत नाहीत. त्यासाठी एक रंग टोचतात. साध्या डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण आमच्या कॅमेऱ्यात लख्ख चमकतो.

माणसाआधी चाचणी डुकरावर. त्या प्रयोगशाळेच्या पशुवैद्य बाई कडक होत्या. त्यांनी दोन डुकरिणी ठेवल्या होत्या, पण मला आधीच बजावलं, "काम पहिलीवरच झालं पाहिजे. नाही झालं तरच दुसरी. आणि भूल दिलेली परत उठणार नाही, तिला झोपेतच संपवावं लागतं, हे लक्षात ठेवा."

दुसरी बाहेर गोठ्यात उपाशी होती, कारण भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. तिचा आरडाओरडा आत ऐकू येत होता. तिला सांभाळणारे काका जवळच्याच गावचे. त्यांनी दारातून डोकं घातलं. "बाई, हिला खायला घालू का?"

"थांबा जरा, काका."

बाईंनी पहिलीच्या मागच्या पायात रंग टोचला. मी मदतीच्या उत्साहात रिकामी सिरिंज उचलून ट्रेमध्ये ठेवली. मग कॅमेरा कुठून कुठे फिरवायचा ते ठरवायला लागलो. मांडी बघितली, टेकव अंगठा. पोट बघितलं, टेकव अंगठा. टेबलाची कडासुद्धा सोडली नाही.

दिवे मालवले. पडद्यावर बघतो तर काय, काळेवाडीतल्या गणपती मंडळाची रोषणाई! मांडीवर ठिपके, पोटावर ठिपके, शेपटीजवळ एक.

"सापडली!" मी ओरडलो.

"कुठली, राव? इथं तर अख्खी वस्ती आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कॅमेरा टेबलाच्या कडेकडे वळवला. तिथंही ठिपका. "टेबलालाही गाठ असते का हो?"

मी हातमोज्याकडे बघितलं. साध्या उजेडात स्वच्छ दिसलेला माझा अंगठा पडद्यावर ट्यूबलाइटसारखा पेटला होता.

बाहेरून पुन्हा किंकाळी. काका म्हणाले, "बाई, लई भुकेली हाय वो."

पहिली वाया गेली तर बाहेरच्या त्या किंकाळीला आत यावं लागणार होतं, आणि तेही माझ्या अंगठ्यापायी. मी हातमोजे बदलले, स्पिरिटने पुसत सुटलो. बरेच ठिपके गेले. पण दोन हटेनात: एक पोटावर, एक जांघेत.

"आता हात मागे बांधा," असं म्हणून बाई टोचलेली जागा हळूहळू चोळू लागल्या. "तुमचा ठिपका होता तेवढाच राहील. गाठीत रंग जात राहील."

आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. पोटावरचा तसाच निर्विकार. जांघेतला मात्र उजळू लागला, आणि पायाकडून एक बारीक रेघ त्याच्याकडे चालत आली. बाईंनी तिथं छेद घेतला. आत वाटाण्यापेक्षा मोठी गाठ, आपल्या उजेडात शांत बसलेली. कॅमेरा पास झाला होता. अंगठा नापास.

बाईंनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "काका, घाला खायला!"

पहिलीच्या पाठीवर हात ठेवून मी क्षणभर उभा राहिलो. मग बाहेर आलो. काकांनी माझ्या हातात केळं दिलं. दुसरीने ते सालासकट ओढून घेतलं आणि मचमच करत खाऊ लागली. माझा अंगठा आपसूक तिच्या कपाळाला टेकला.

काका हसले. "ही बी ओके का, सायेब?"

"ओके," मी म्हणालो, आणि दुसरं केळं मागितलं.