राउटरवरचा टॉवेल

मंडळी, आठवडाभर इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या आणि आज कळलं, चूक माझीच होती.

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या सोमवारी ऑफिसात ब्रॉडबँड घेतलं, राउटर उंच कपाटावर ठेवला. सकाळी वायफाय झकास चालायचं, पण अकरा वाजले की तुटायला सुरुवात. आज हैदराबादच्या व्यापाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर नवं डिझाइन दाखवताना तीनदा तुटलं. शेवटी ते म्हणाले, "राहू द्या, नंतर बघू."

मी तणतणत इंटरनेटवाल्यांच्या लाइनमनला बोलावलं. तो स्टुलावर चढला, राउटरवरचा जाड टॉवेल उचलला आणि म्हणाला, "साहेब, सोलापूरच्या उन्हात ह्याला पांघरूण? तापून बंद पडतंय की!"

झाडलोट करणाऱ्या महादेवीअक्का दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "झाडून झालं की टॉवेल झटकून रोज मीच परत झाकते. तुमीच म्हणला की, लई नाजूक हाय, सुताची धूळ बसू द्यायची न्हाय."

म्हणालो होतो खरा.

पासवर्ड मी सगळ्या स्टाफला दिला. पण त्या डब्याला रोज हात लावणाऱ्या एकट्या बाईला तो डबा कशाचा आहे, हे सांगायचं सुचलंच नाही. तुमच्या ऑफिसात कुणी सांगितलंय?