बाप्पाची क्लिपर

अख्ख्या कॅनडात माझ्याइतकी वेगवान बोट दुसऱ्या कुठल्या मराठी माणसानं बांधली नसेल. ती अजून आमच्या बेसमेंटमधून हललेली नाही.

वॉटर्लूत ट्रामचे रूळ टाकायला सगळे रस्ते उकरून ठेवले होते ना, तेव्हाची गोष्ट. मी चौथी नापास, सुताराचा पोरगा. इथं लोकांच्या किचनमधली कपाटं बसवतो. इथल्या मराठी मंडळात कुणाला माझी आठवण येते ती दाराचं बिजागर सैल झालं की. आमचे अध्यक्ष रिटायर्ड डॉक्टर, जुन्या शिडाच्या बोटींचं भारी वेड. म्हणाले, "यंदा गणपती क्लिपरमध्ये बसवू. तुला जमेल का रे?"

"काका, विचारता काय," मी म्हटलं. क्लिपर खातात की पांघरतात, मला ठाऊक नव्हतं.

काकांनी फोटो दाखवले. चीनचा चहा घेऊन इंग्लंडला धावायची ही बोट. हंगामाचा नवा चहा जो आधी पोचवेल त्याला भाव, म्हणून सगळी करामत वेगासाठी. अंग लांब आणि बारीक, नाक सुरीसारखं. पाणी ढकलायचं नाही, कापायचं. वर तीन उंच डोलकाठ्या, त्यांच्यावर शिडांची उतरंड, वाऱ्याची झुळूक म्हणून सोडायची नाही. "फक्त आत जागा कमी," काका म्हणाले. "म्हणून माल हलका आणि महाग न्यायचा." हे मी ऐकलं आणि मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नाही.

दोन महिने कामावरून आलो की बेसमेंटमध्ये. नाक तासून तासून असं केलं की हाताचं बोट लागलं तर कापावं. शिडांसाठी बायकोची चादर फाडली. ती म्हणाली, "फारच बारीक दिसतेय हो." मी म्हटलं, "क्लिपर आहे. तुला नाही कळायचं." एकदा बोट स्टेजवर गेली की मला कोणी कपाटवाला म्हणणार नव्हतं.

गणपतीच्या आधी चार दिवस सगळी कमिटी मूर्ती घेऊन खाली आली. बाप्पाला बोटीत उतरवायला गेलो, तर मूर्तीखालचा पाट दोन्ही काठांवर टेकला. आडवा केला, तिरका केला, आत जाईना. पुण्याचा एक आयटीवाला म्हणाला, "जस्ट थोडी वाईड करा ना."

माझं टाळकंच सरकलं. थोडी वाईड? पोळी आहे का ती, लाटली की पसरायला? रुंद केली की ती क्लिपर राहत नाही, रेती वाहायचा पडाव होतो. घरात फोटो टांगायला यांना मी लागतो, आणि बोटीचं अंग कसं असावं ते हे मला शिकवणार. दोन महिने नुसते ईमेल. डेकोरेशन अपडेट, डेकोरेशन रिमाइंडर. खाली येऊन बघितलं का कोणी? मी सगळं बोलून दाखवलं. वर हेही म्हटलं, "आणि काका, असल्याच बोटींतून आपल्याकडची अफू चीनला जायची, तुम्हीच सांगितलंत. त्यात बाप्पाला बसवायचं? लाज वाटायला हवी."

"हे तुला आज खटकलं होय," काका म्हणाले.

"आजच खटकलं," मी म्हटलं. "खटकायला वेळ लागतो."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन जिना उतरली. तिनं अडकलेला पाट बघितला, चादरीची शिडं बघितली, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मूर्ती दर वर्षी तीच," ती म्हणाली. "काकांच्या गराजमधून दर वर्षी तुम्हीच उचलून आणता. बाप्पा केवढा आहे ते तुम्हाला माहीत नाही?"