टारटलणे

ताडकळसच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांच्या खिशात एक छोटी वही असे. कुणी कुणाला भेटलं आणि समोरच्याचं नाव न आठवून त्याची जीभ अडकली, की सर वही काढत. "टारटललास न्हवं लेका?" म्हणत आणि नाव, प्रसंग टिपून घेत. वहीत सर्वांत जास्त वेळा मी आहे. सख्ख्या मेव्हण्याची ओळख करून देताना "हे आपले... हे" एवढ्यावर थांबलेला माणूस मीच.

हा शब्द सरांना परभणीत, रद्दीच्या दुकानातल्या एका फाटक्या कोशात सापडला. स्कॉटलंडकडचं क्रियापद, टार्टल. नाव न आठवून चाचरणे. "ह्याला आपल्यात शब्द न्हाई, आन् टारटलायलंय तर सगळं गाव," सर म्हणत. मूळ विचारलं की खुलत. "डळमळणे अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरनं आला असंल म्हणतात, पण पक्कं न्हाई. शब्दालाच सोताचा बाप वळखू येईना. तिकडं घोडं बुजलं तरी टार्टलच म्हणत." वर्गात रूपं घोकून घेत: तो टारटलतो, ती टारटलली, आमी टारटलायलोत. बाकीचं इंग्रजी विसरलो, हे तेवढं पक्कं आहे.

शब्द मराठी झाला की नाही, याची सरांची परीक्षा एकच होती. "आमच्या हिच्या तोंडात आपणहून आला, की झाला मराठी." काकू मात्र दाद देत नसत. "तुमचं ते टर्रटर्र तुमच्यापाशीच ठिवा," म्हणून भाकरी थापत राहत. नोकरी संपत आली, तरी त्या दिवसासाठी वहीत राखून ठेवलेलं काकूंचं पान कोरंच.

सरांच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन मी हट्टाने मागून घेतलं. माईक हातात घेऊन ऐटीत म्हणालो, "आता ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत, ते आपले लाडके..." आणि थांबलो. सगळं गाव त्यांना 'टारटल सर'च म्हणे. खरं नाव डोक्यातून साफ पुसलेलं. मागच्या बॅनरकडे वळून पाहिलं, तर नावावर झेंडूची माळ लोंबत होती. शेवटचं 'राव' तेवढं दिसत होतं. त्यावर निम्मा तालुका बसला असता.

सर उठून शांतपणे म्हणाले, "पोरांनो, नीट बघून घ्या. असं असतं ते."

मंडप हसला. मी कुजबुजलो, "सर, नाव सांगा की." माईक चालूच होता.

"मी कशाला? काकूला इचार."

म्हणजे उखाणा. पहिल्या रांगेतल्या काकू पदर सावरत उठून माझ्याशेजारी माईकपाशी आल्या, माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या,

"बाजारातनं आणले दोडके ताजे ताजे,
नाव घ्याया टारटलत न्हाई, माणिकराव धनी माजे."

टाळ्या पडल्या. सर मात्र मटकन खाली बसले. वही काढली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "हिनं म्हणलं. आपणहून," असं पुटपुटत कोऱ्या पानावर लिहिलं. खाली लिहिलं, 'कुणामुळं', आणि पेन थांबलं. मान वर करून माझ्याकडे बघत राहिले.

"ह्यो आपला... ह्यो..."

काकूंनी मला कोपराने ढोसलं. "टारटलायलेत. सांग बाबा तुझं नाव."