बिनमिठाचे बोंबील

लग्न होऊन बोईसरजवळच्या दांडी गावात आले तेव्हा मी सातवी पास होते, आणि सासूबाईंच्या लेखी त्या शिक्षणाची किंमत शून्य होती. "बोंबील काय पुस्तक वाचून सुकतात?" असं त्या माझ्यादेखत शेजारणीला विचारायच्या. माझाही राग नाकाच्या शेंड्यावर. मनात म्हणायचे, थांबा, दाखवते एक दिवस.

तो दिवस सहा महिन्यांत आला. बोईसरच्या एका व्यापाऱ्याने आमच्या किनाऱ्यावरची सुकी मासळी मुंबईच्या गोदीतून सिलोनला धाडायचं ठरवलं, आणि गठ्ठ्यागणिक कागद मागितला. कस्टमला नुसती मासळी म्हणून चालत नाही, हे तेव्हा कळलं. मीठ लावून सुकवलेली वेगळी, बिनमिठाची वेगळी, खतासाठी कुटलेली आणखी वेगळी. एकीच्या जागी दुसरी लिहिली की माल अडलाच. गावातल्या बायकांचे कागद मीच भरले. सासूबाईंच्या कागदावर तर ठसठशीत अक्षर काढलं: सुके बोंबील, बिनमिठाचे, खाण्यासाठी.

'बिनमिठाचे' या एका शब्दावर सासूबाईंची सगळी अब्रू होती. ताजे बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायचे, बाकीचं ऊनवारा बघतो. मीठ चोळायचं ते मासळी नरम पडली तर, असं त्यांचं ठाम मत. "मीठ लावलं म्हंजे कायतरी लपवलं," त्या म्हणायच्या. त्या गठ्ठ्यासाठी तीन दिवस एकेक बोंबील उजेडात धरून त्यांनी निवडला. कुणी परका माणूस तो खाणार, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

ते बघून माझाच ऊर भरून आला. माझं माहेर माहीमचं. आमच्याकडे दूर जाणाऱ्या सामानाला दृष्ट लागू नये म्हणून मीठमिरचीची पुरचुंडी आत घालतात. मी माझ्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी फाडली, दोन लाल मिरच्या आणि खडेमीठ बांधलं, आणि गोणपाट शिवायच्या आधी बोंबलांच्या मधोमध सारलं. कुणाला सांगितलं नाही. ज्या हाताने 'बिनमिठाचे' लिहिलं त्याच हाताने मीठ घातलं. एवढी अक्कल सातवीपर्यंत शिकवत नसावेत.

पंधरवड्याने निरोप आला. गोदीत नमुना म्हणून नेमका आमचाच गठ्ठा फोडला होता आणि त्यात मीठ सापडलं होतं. कागद खोटा म्हणून अख्ख्या गावाचा माल अडवून ठेवला होता. पुरचुंडीचं निरोप्याला काही ठाऊक नव्हतं. त्यामुळे गावाने अर्थ काढला तो एकच: म्हातारीने शिळी मासळी मीठ लावून खपवली.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "चालीस वरसं सुकवते," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी ताट घेऊन बसून राहिले. खरं सांगावं तर माहेरी धाडतील, न सांगावं तर या बाईचं नाव माझ्यापायी जाणार. मला फार भीती वाटत होती. पण त्यांचं ते उपाशी पडणं त्याहून सोसवत नव्हतं. उद्या व्यापाऱ्यासमोर सगळं कबूल करायचं, असं ठरवलं.

सकाळी दोघी बोईसरला गेलो. वखारीत गावच्या आणखी चारपाच बायका आधीच येऊन बसल्या होत्या. व्यापाऱ्याने गोदीतून परत आलेली पुरचुंडी सगळ्यांपुढे ठेवली. "ही कोणाची?"

ते निळं लुगडं रोज सासूबाईंच्या डोळ्यांसमोर वाळत पडायचं. त्यांनी चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "माजी हाय, शेट. दिष्टीला बांदली. म्हातारीची चूक झाली."

व्यापारी कपाळाला हात लावून हसला. पुरचुंडीबरोबर गोदीतून आलेल्या नमुन्यातला एक बोंबील मोडून त्याने चाखला, बायकांनाही दिला. मिठाचा मागमूस नव्हता. मग त्याने मुनिमाकडून खुलाशाची चिठ्ठी लिहवून घेतली, आणि चार दिवसांनी माल सुटलाही. पण वखारीत तेव्हा हसू आवरत नव्हतं. "म्हातारीला चळ लागला," कुणीतरी म्हणालं. नाकावर माशी बसू न देणारी ती बाई खाली मान घालून ऐकत राहिली.

बसची वाट बघताना मला रडू फुटलं. "आई, माझी चूक तुम्ही का अंगावर घेतलीत? सगळ्या हसल्या तुम्हाला."

"हसूं दे," त्या म्हणाल्या. "माजं नाव चालीस वरसांचं हाय, हसून नाय जात. तुला येऊन सा महिनं झालं. तुजं नाव आज तितं पडलं असतं, तर मी गेल्यावर ते कोन उचलनार होतं?"