तळ्याकाठचा शेवटचा उतार

सकाळी तळ्यावर पोचल्यावर विनय टिल्लूंना आधी आला तो वास, आंबलेल्या पंचामृताचा. मग दिसलं बाकीचं. प्लास्टिकचे हार, थर्माकोलचं अर्धं मखर, चिखलात तोंडावर पडलेला प्लास्टरचा गणपती. एका बदकाचा पाय हारात अडकला होता. विनयनी पाण्यात उतरून तो सोडवला आणि आदल्या संध्याकाळी इथे गुलाल उधळून गेलेल्या अख्ख्या मराठी मंडळाला मनातल्या मनात अस्सल पुणेरी शिव्या घातल्या.

विलायतेतलं हे तळं म्हणजे मुळात खड्डा. मोटरवेसाठी खडी काढून ठेकेदारांनी सोडून दिलेला. लोक त्यात मोडके फ्रिज फेकत. मग काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा कारभाराने, असे ओळीने चार-पाच खड्डे घेतले, पायवाटांनी जोडले आणि त्यांना पार्क म्हणायला सुरुवात केली. हॉस्पिटलात भूल देणारे तरुण विनय सुटीच्या दिवशी इथे काठावर वाळुंजाची, म्हणजे विलोची, रोपं लावायला येत. पुढे काउंटीचा हात आखडला. पार्क राखणारे रेंजर एक सोडून सगळे गेले, त्यांच्या राहत्या घरात कॅफे आला, काठाला कुंपणं लागली. व्हीलचेअर थेट पाण्यापर्यंत जाईल असा एकच उतार उरला.

त्याच उताराने ते रोज लीलावतींना, म्हणजे बायकोला, खाली नेत. पक्षाघातानंतर त्या घरात बहुतेक गप्पच असत. इथे पाण्यात बोटं बुडवली की बोलत.

गेल्या वर्षीच काउंटीने बजावलं होतं, पुन्हा अशी घाण सापडली तर उतार बंद. म्हणून विनयनी मंडळाच्या मीटिंगमध्ये हात जोडून सांगितलं होतं, शाडूची मूर्ती आणा, घरीच बादलीत विसर्जन करा. आयटीतल्या त्या शिकल्यासवरल्या मंडळींनी माना डोलावल्या होत्या.

त्यांनी मंडळाचा सेक्रेटरी साकेत याला फोन लावला. त्याने आधी हात वर केले, मग काउन्सिल टॅक्स भरतो ना आपण, असं म्हणाला.

"काका, एवढं काय? इट्स अवर ट्रॅडिशन."

विनयनी फोन ठेवला. असल्या माणसाशी बोलायचीसुद्धा त्यांना किळस आली.

रेंजर यायच्या आत सगळं उचलायचं होतं. काठीने ओढून ओढून त्यांनी काठ जवळजवळ साफ केला. शेवटची एक पिशवी राहिली होती. ती वर घेतली आणि ते थिजले. लीलावतींच्या जुन्या निळ्या साडीची पिशवी. आत त्यांच्याच परसातली डेलियाची फुलं, त्यांच्याच देव्हाऱ्यातलं निर्माल्य. परवा विनयनी स्वतः ते बागेच्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकलं होतं.

तेवढ्यात रेंजर आली. ओळखीची, बिचारी. ओशाळून तिने विनयचा, त्या पिशवीचा आणि मागच्या ढिगाचा फोटो काढला.

घरी त्यांनी पिशवी लीलावतींसमोर धरली. त्या एकेक शब्द जुळवत बोलल्या.

"बिनमध्ये शेजाऱ्याच्या कुत्र्याची घाण होती. त्यावर देवाची फुलं. मला शिसारी आली. साकेत प्रसाद द्यायला आला होता, त्याला ती काढून या पिशवीतून तळ्यात सोडायला लावलं."

पुढच्या आठवड्यात उतारावर जाळी बसली. विनयनी खुर्ची जाळीला टेकवली. लीलावतींनी बोटं आत घातली, पण पाणी लांब होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. विनयनी शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि कुणाला द्याव्यात तेच त्यांना कळेना.