पेटीवरचा दुसरा पोपट

हे मी बायकोलाही अजून धड सांगितलेलं नाही.

जुन्या रबरी चपलेच्या तळव्यातून शिक्के कापायचा मला नाद आहे. जामसंड्यातल्या आमच्या पडवीत बसून शाळेच्या मुलांना फुलं, मासे कापून देतो. शेजारच्या काकांच्या कलमांच्या बागेचा शिक्काही माझाच. पानावर बसलेला पोपट. तो ठसा बघून गिऱ्हाईक आंब्याची पेटी न उघडता उचलायचं.

गेल्या हंगामात बहिणीचा नवरा आला. त्याला बाहेरून आणलेला आंबा खपवायचा होता.

"तसोच पोपट माका कापून दी."

"भावोजी, तो काकांचो आसा."

"पोपट काय काकांनी जन्माक घातल्यानी? कोणाक कळतला?"

नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचा राग बहिणीवर निघतो. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. मी कापला. पहिल्या शिक्क्याचं चित्र माझ्याकडे होतंच. कागद रबरावर उपडा घालून नखाने घासला की पेन्सिलची रेघ खाली उतरते. लाज वाटते सांगायला, पण काम छान होतंय याचा मला आनंदही झाला.

त्यानंतर फाटक वाजलं की मी हातातलं काम गोणपाटाखाली सरकवायचो. रबराचे कपटे शोधशोधून चुलीत टाकले, तर त्याचा वास घरभर बसला. बायको विचारी, "काय जळता ओ ह्या?" मी आणखी एक लाकूड चुलीत सारायचो.

एक दिवस काका आलेच. हातात पेटीचं झाकण.

"ह्यो माझो पोपट नाय."

"कशावरून?" मी विचारलं.

"माझ्या पोपटाची शेपटी झिजान झिजान बोथट झाली. ह्यो बघ, नवऱ्यासारखो नटलो आसा!" ते हसले. मला हसता येईना. चित्रावरून कापताना पेटीवरचा झिजलेला ठसा मी एकदाही बघितला नव्हता. "आंबो आंबट निघालो म्हणान गिऱ्हाईक माका शिव्या घालता. तुका ह्यातला कळता, कोणाचो हात तो सांग. आणि माका नवीन शिक्को काप."

रबराचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी ब्लेड उचललं. पहिलाच काप अंगठ्यात गेला.

"अरे, जपान रे!" म्हणत ते चिंधी शोधायला उठले. तो काळजीचा आवाज मला सोसवेना.

"काकानू, तो हात माझोच."

चिंधी त्यांच्या हातातच राहिली.

"कोणासाठी?"

तेही सांगितलं. सांगताना बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

त्यांनी चिंधी माझ्यापुढे टाकली. मग म्हणाले, "काप. माझ्या समोर काप. पोपट नको आता, खार काप."

मी खार कापली. काम झाल्यावर त्यांनी ब्लेड मागून घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि त्या खारीत कुठेतरी फक्त त्यांनाच ठाऊक अशी एक बारीक खाच पाडली. ठसा न उमटवताच शिक्का रुमालात गुंडाळून ते निघून गेले. त्यांच्यासाठी ठेवलेला चहा तसाच राहिला.

भावोजी त्यानंतर आमच्याकडे फिरकला नाही. बहीण फोनवर "बरी आसंय" म्हणते आणि ठेवून देते.

यंदा काकांच्या पेट्या टेम्पोत भरतात तेव्हा मी पडवीतच असतो. पण मान वर करत नाही. मी खारीतली ती खाच शोधतोय, असं त्यांना वाटलं तर?